खिडकी उघडायची कधी?

डोंबिवली पूर्वेला, एमआयडीसीच्या निवासी विभागात आमच्या ओळखीच्या एक काकू राहतात. रात्री अकराच्या सुमारास त्यांच्या घरी रोजचा एक कार्यक्रम असतो. आधी सगळ्या खिडक्या लावायच्या, कारण थोड्या वेळाने बाहेरून नाकात चरचरणारा तो उग्र वास येणार. डास मात्र संध्याकाळीच आत आलेले असतात, म्हणून पलंगाखाली कॉइल पेटवायची. कॉइलच्या धुराने नातवाला खोकला येतो, म्हणून वर मोगऱ्याच्या वासाचा फवारा मारायचा. आणि सकाळी सगळ्यांचे घसे धरले की खापर कंपन्यांवर फोडायचं.

खापर अर्धं तरी योग्य जागी फुटतं. साठच्या दशकात वसलेल्या या औद्योगिक वसाहतीने डोंबिवलीकरांना काय काय दाखवलं नाही! जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ता गुलाबी झाला. कल्याणला आधारवाडीचं डम्पिंग ग्राउंड बंद होईपर्यंत उन्हाळ्यात धुमसायचं, तेव्हा खडकपाड्यापर्यंत लोक कपडे वाळत घालायला कचरायचे. ठाण्यात घोडबंदर रोडवर मेट्रोची कामं, टॉवरांची बांधकामं आणि अवजड वाहनं यांनी मिळून प्रत्येक ग्रिलवर पिठासारखी राखाडी पूड बसवली आहे. बाहेरची हवा वाईट आहे, यात वाद नाही.

उरलेला अर्धा दोष आपण घरातच तयार करतो आणि मग बाहेरच्या भीतीने तो आत कोंडून ठेवतो. ‘एन्व्हायर्नमेंटल हेल्थ पर्स्पेक्टिव्ह्ज’ या नियतकालिकात २००३ साली आलेल्या एका अभ्यासात डासांच्या कॉइलच्या धुराचं मोजमाप केलं होतं. एक अख्खी कॉइल जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, असं त्यात निघालं. म्हणजे काकू कंपनीचा वास दाराबाहेर ठेवत होत्या आणि पलंगाखाली सिगारेटींचा ढीग पेटवत होत्या. हा लेख त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल आहे. कारखाना आपण एका दिवसात हलवू शकत नाही, कॉइल मात्र आज रात्री विझवता येते.

आधी डास, मग धूर

सूक्ष्म कण म्हणजे अडीच मायक्रॉनहून बारीक कण. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, तेव्हा त्याचा तिसावा भाग धरा. नाकातले केस, घशातला कफ यांना चुकवून हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. चोवीस तासांच्या सरासरीत घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत ते चालतील असं आपलं राष्ट्रीय मानक म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हाच आकडा १५ वर आणला. कॉइल लावलेल्या बंद खोलीत हे दोन्ही आकडे किती मागे पडतात, ते स्वस्तातलं मोजयंत्र ठेवूनही कळतं.

डासांवर खरा इलाज मच्छरदाणीचा. मुलांना ती ‘गावची’ वाटते, मोठ्यांना बांधायचा कंटाळा येतो. आता घडी होणारी, पलंगावर तंबूसारखी उघडणारी मच्छरदाणी कुठल्याही बाजारात मिळते. खिडक्यांना जाळी बसवून घ्या. सरकत्या खिडकीला तिसरा रूळ असेल तर जाळीची फ्रेम त्यात बसते, नसेल तर चिकटपट्टीवाली जाळी आहेच. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, माळ्यावरची उघडी टाकी हे सगळं आठवड्यातून एकदा कोरडं करा. प्लगमध्ये लावायच्या द्रवाच्या बाटलीतून धूर येत नाही, पण औषध हवेत येतंच. ती लावायचीच झाली तर झोपण्याआधी तासभर लावा, खिडकी किलकिली ठेवा आणि झोपताना बंद करा. धूर न येणारी म्हणून विकली जाणारी कॉइलही निर्धोक नसते.

उदबत्ती, धूप, कापूर यांबद्दल लिहिताना मला जरा जपून लिहावं लागतं. देवासमोर एक उदबत्ती लावल्याने कुणाचं फुप्फुस निकामी होत नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत, एसी चालू ठेवून, खिडक्या लावून गुरुवारी धुपाटणं फिरवायचं आणि गणपतीत दीड दिवस अखंड धूप जाळायचा, हे काही कुठल्या शास्त्रात सांगितलेलं नाही. भीमसेनी कापूर शुद्ध म्हणून त्याचा धूरही शुद्ध, असंही नाही. जळणाऱ्या प्रत्येक वस्तूची काजळी होते. आरतीच्या वेळी खिडकी उघडी ठेवा, पंखा लावा, आणि घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं बाळ असेल तर धुपाऐवजी फुलं वाढवा. देव रागावणार नाही, याची जबाबदारी मी घेते.

तान्ह्या बाळाचा विषय निघालाच आहे तर बाळंतिणीच्या खोलीबद्दल बोलू. आपल्याकडे अजूनही अनेक घरांत न्हाऊ घातल्यावर बाळबाळंतिणीला शेक आणि धुरी देतात. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यात ओवा, शेपा, वावडिंग. वारा लागू नये म्हणून खिडक्या घट्ट बंद. कौलारू घरात हे चालून जायचं, कारण छपराच्या फटींतून धूर निघून जायचा. आरसीसीच्या बंद बेडरूममध्ये निखारे ठेवले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग ना वास. डोकं जड होतं, मळमळतं, गुंगी येते आणि घरातल्यांना वाटतं, बाळंतीण दमली आहे. शेक हवा असेल तर रबरी पिशवीने द्या. धुरी मात्र सोडूनच द्या. आज्जीबाईंना समजावणं कठीण जातं हे मी जाणते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांकडून सांगवून घ्यावं.

ओट्याजवळची हवा

गॅसची शेगडी चुलीपेक्षा लाखपटीने बरी, हे मान्यच. पण निळ्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि तो दम्याच्या मुलांना छळतो. ज्योत पिवळी-नारिंगी दिसायला लागली, भांड्याच्या बुडाला काजळी धरायला लागली, तर बर्नरची भोकं बुजली आहेत असं समजा. सुई फिरवून, गरम पाण्यात धुऊन भागलं नाही तर मेकॅनिक बोलवा. अर्धवट जळणारा गॅस म्हणजे पुन्हा कार्बन मोनॉक्साइड.

आपल्या स्वयंपाकात गॅसपेक्षा मोठा उद्योग तेलाचा. लाल मिरचीच्या फोडणीने अख्खं घर खोकतं, तेव्हा निदान कळतं तरी. दिवाळीच्या आधी तीन दिवस चकल्या तळताना जो तेलाचा निळसर धूर घरभर पसरतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही, उलट तो सणाचा वास म्हणून गोड लागतो. तेल धुरकटण्याआधी जिन्नस टाका. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका, ते प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर धुरावतं. मोठं तळण मागच्या बर्नरवर करा, कारण चिमणी तिथला धूर नीट ओढते.

चिमणीबद्दल गैरसमज फार. बिनडक्टची चिमणी, जी हवा कोळशाच्या गाळणीतून फिरवून परत घरात सोडते, ती तेलकटपणा आणि वास थोडा कमी करते, वायू बाहेर काढत नाही. नवी घेत असाल तर डक्टवालीच घ्या आणि पाइप जितका आखूड, जितकी वळणं कमी, तितकं चांगलं. तीन कोपरे वळवून माळ्यावरून नेलेला पाइप म्हणजे नुसता आवाज. चिमणी फोडणीच्या वेळी नाही, शेगडी पेटवण्याआधी दोन मिनिटं सुरू करायची आणि स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं चालू ठेवायची. जाळ्या महिन्यातून एकदा गरम पाण्यात सोडा टाकून भिजवा.

चिमणी किंवा एक्झॉस्ट हवा बाहेर फेकतात, तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. सगळ्या खिडक्या बंद असतील तर ती दाराखालच्या फटीतून, बाथरूममधून किंवा इमारतीच्या डक्टमधून येते. शेजाऱ्यांकडे आज बांगडा आहे हे आपल्या हॉलमध्ये कळतं ते यामुळे. तेव्हा स्वयंपाक करताना लांबची एक खिडकी चार बोटं उघडी ठेवा. हवा एका बाजूने येईल, ओट्यावरून जाईल आणि बाहेर पडेल.

गटाराचा वास येत असेल तर दर वेळी तुंबलेलंच असतं असं नाही. बाथरूमच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात कायम थोडं पाणी साचलेलं राहतं आणि ते पाणी खालचा वायू अडवतं. पाहुण्यांचं म्हणून ठेवलेलं बाथरूम महिनाभर वापरलं नाही, की उन्हाळ्यात ते पाणी उडून जातं आणि वास वर येतो. दर आठवड्याला एक तांब्याभर पाणी ओतणं, एवढाच त्याचा उपाय. प्लंबरला बोलावून फरशी फोडून घेतलेली दोन घरं मला ठाऊक आहेत.

पाइपच्या गॅसचं म्हणाल तर तो हवेहून हलका, गळला तर छताकडे जातो. सिलिंडरमधला जड, तो जमिनीवर पसरतो. म्हणून पाइपचा गॅस असलेल्या स्वयंपाकघरात वरच्या बाजूला कायम उघडी राहणारी झडप किंवा जाळी हवी. ‘पाली येतात’ म्हणून ती बुजवणारे लोक आहेत. जाळी लावा, बुजवू नका.

गॅस गिझर हा या लेखातला सर्वांत गंभीर भाग. तो बाथरूमच्या आत कधीही नसावा. बाहेर, मोकळ्या हवेत किंवा बाल्कनीत, धूर बाहेर नेणाऱ्या पाइपसकट बसवलेला असावा. बंद बाथरूममध्ये गिझर चालू ठेवून अंघोळ करताना माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर दार तोडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गिझर बंद करा आणि १०८ ला फोन करा. भाड्याच्या घरात असा गिझर असेल तर घरमालकाकडे विजेचा मागा. तो देईपर्यंत चुलीवरचं नाही, पण बादलीत हीटरचं पाणी चालेल. हीटर मात्र पाण्यात हात घालण्याआधी प्लगमधून काढायचा, विसरू नका.

ओल आणि वरचे शेजारी

आपल्या भागात जून ते सप्टेंबर हवेतला दमटपणा ८० टक्क्यांच्या वर असतो. बुरशीला आणि गादीतल्या धुळीच्या किड्यांना याहून सुखाचा काळ नाही. हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत, चावत नाहीत. त्यांची विष्ठा श्वासात गेली की शिंका आणि दमा. आठवड्यातून एकदा चादरी-अभ्रे कडकडीत पाण्यात धुवा, ६० अंशांचं पाणी किड्यांना मारतं. गाद्यांना ऊन देण्याची आपल्या आयांची रीत योग्यच होती, फक्त टॉवरच्या चोविसाव्या मजल्यावर गादी कुठे टाकायची हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. खिडकीतून ऊन येतं तिथे दोन तास उभी केली तरी पुष्कळ.

भिंतीवर काळे-हिरवे ठिपके दिसले की माणूस रंगाच्या दुकानाकडे धावतो. पुट्टी, प्रायमर, वर ‘अँटिफंगल’ रंग, आणि पुढच्या जुलैत पोपडे. पाणी कुठून येतं ते आधी शोधा. बाहेरच्या भिंतीची भेग असेल तर दुरुस्ती फेब्रुवारी ते मे या काळातच करून घ्या, भर पावसात केलेलं वॉटरप्रूफिंग म्हणजे पैसे वाहून जाणं. ओल बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर वर्षभर दिसत असेल तर ती वरच्या मजल्यावरून येते. इथे भांडण ठरलेलं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याची वाटणी दिलेली आहे. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, फ्लॅटच्या आतल्या संडास-सिंकमधून होणारी गळती त्या सभासदाने. अर्ज लेखी द्या, फोटो तारखेसकट जोडा. तोंडी सांगितलेलं पुढच्या कमिटीला आठवत नाही.

तोवर घरात काय करता येईल? बुरशी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, कोरडी खरवडू नका, तिचे बीजाणू घरभर उडतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. पावसाळ्यात हॉलमध्ये दोरीवर कपडे वाळवणं टळत नाही, पण बादलीभर पिळलेल्या कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी हवेत जातं, हे लक्षात ठेवा. ते एकाच खोलीत, पंख्याखाली, खिडकी उघडी ठेवून वाळवा. एसी असेल तर ‘ड्राय’वर लावा. काही शे रुपयांचं आर्द्रतामापक मिळतं, त्यावर ६० च्या आसपास आणता आलं तर बुरशीचा जोर मोडतो.

कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास म्हणजे स्वच्छतेचा वास नाही, ते नॅफ्थलीन आहे. तान्ह्या बाळाचे कपडे त्यात ठेवू नका. जन्मतः एका विशिष्ट विकराची कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी त्याने फुटतात आणि ही कमतरता आधी कुणाला माहीत नसते. वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड पुरेसं आहे.

कबुतरं

२०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला आणि केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. धर्म, भूतदया, राजकारण सगळं आलं. फुप्फुसाचं बोलणारे मात्र थोडे होते. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली की काही माणसांच्या फुप्फुसाला सूज येते. तिला हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस म्हणतात. देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांनी मिळून अशा फुप्फुसविकारांच्या १,०८४ रुग्णांची नोंद ठेवली होती. २०१७ साली ती प्रसिद्ध झाली आणि त्यातल्या ४७ टक्के रुग्णांना हाच विकार निघाला. कारणांत सर्वांत वर होते एअर कूलर, मागोमाग पक्षी आणि बुरशी. कूलर आपल्या दमट हवेत फारसे चालत नाहीत. ज्यांच्याकडे आहे त्यांनी टाकीतलं पाणी रोज बदलावं आणि गवताच्या जाळ्या दर मोसमात नव्या घालाव्यात.

कबुतरांचं आपल्याकडे घर म्हणजे एसीच्या बाहेरच्या युनिटमागची जागा, ड्राय बाल्कनी आणि बाथरूमचा डक्ट. तिथे साठलेला थर झाडूने खरवडू नका. आधी पाणी शिंपडून भिजवा, एन-९५ मास्क लावा, मगच खरवडा, आणि दमा असलेल्या किंवा वयस्कर माणसाला हे काम देऊ नका. साफ झाल्यावर जाळी ताबडतोब लावा. जाळीवाल्याला डक्टची वरची बाजूही झाकायला सांगा, नाहीतर ती वरून उतरतात. आणि कृपा करून खिडकीत ज्वारी टाकू नका. तुमचं पुण्य खालच्या मजल्यावरच्यांच्या छातीत जमा होतं.

नवं फर्निचर, जुनी सवय

नव्या फ्लॅटचा जो ‘नवा’ वास येतो, त्यात प्लायवुड आणि एमडीएफच्या डिंकातलं फॉर्मल्डिहाइड असतं, पॉलिशमधला थिनर असतो. फॉर्मल्डिहाइडला कर्करोगकारक म्हणून मान्यता २००४ सालीच मिळाली आहे. उष्णता आणि ओल वाढली की ते जास्त सुटतं, म्हणजे आपल्या हवेत जरा जास्तच. सुताराला प्लाय आणायला सांगताना ‘ई-झिरो’ किंवा निदान ‘ई-वन’ म्हणून मागा, शिक्का स्वतः पाहा. उघड्या कडांना पट्टी लावून घ्या, वायू सर्वांत जास्त तिथूनच येतो. शक्य असेल तर काम उन्हाळ्याच्या सुरुवातीला करा आणि दोन-तीन आठवडे कपाटांची दारं, खिडक्या उघडी ठेवून पंखे चालवा, मग राहायला जा. आपण करतो काय, तर दिवाळीच्या आठ दिवस आधी रंग काढतो, धनत्रयोदशीला तारपीनच्या वासात फराळ तळतो आणि लक्ष्मीपूजनाला फटाक्यांमुळे खिडक्या लावून बसतो.

संडास धुताना अ‍ॅसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीच करू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो. एवढं सांगून हा विषय सोडते. घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर त्याला जिन्यातही नाही, इमारतीच्या बाहेर पाठवा, हेही तेवढ्यातच.

घड्याळ आणि वारा

आता मूळ प्रश्न, खिडकी. ‘सकाळी उठून खिडक्या उघडा, ताजी हवा येऊ द्या’ हे शाळेतल्या पुस्तकातलं वाक्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आपल्या शहरांना लागू पडत नाही. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर, धूळ, शेकोट्यांचा धूर झाकणाखाली कोंडल्यासारखं खालीच राहतं. सूर्य वर येऊन जमीन तापली की झाकण उघडतं. म्हणून हिवाळ्यात सकाळी नऊ-दहापर्यंत खिडक्या बंद, आणि मोठी हवापालट साधारण बारा ते चार. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री जमिनीकडून उलटा वाहतो. डोंबिवलीत रात्रीच वास जास्त का येतो, याचं बरंचसं उत्तर यात आहे.

घोडबंदर रोडवाल्यांची पंचाईत अशी की अवजड वाहनांना रस्ता मोकळा असतो, तेव्हा त्यांना खिडकी उघडता येत नाही. त्यांनी रस्त्याकडच्या नाही, मागच्या खिडक्या उघडाव्यात. ज्यांची मागची बाजू येऊरच्या डोंगराकडे आहे ते भाग्यवान. शेजारी पायलिंग किंवा स्लॅबचं काम चालू असेल तर कामगारांची जेवणाची सुट्टी साधा. पावसाळ्यात हे सगळं गणित सोपं होतं. पाऊस धूळ धुऊन काढतो, तेव्हा हवा सर्वांत स्वच्छ असते, आणि नेमके तेव्हाच आपण खिडक्या लावून बसतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ हे मोफत अ‍ॅप फोनवर घ्या. कल्याणला खडकपाडा, डोंबिवलीला पिंपळेश्वर मंदिर, ठाण्यात उपवन आणि कासारवडवली इथल्या मोजणी केंद्रांचे आकडे त्यात दिसतात. आठवडाभर बघितलंत की आपल्या भागाचं घड्याळ कळतं.

बंद खोलीचं एक वेगळंच दुखणं आहे. बाहेरच्या हवेत दशलक्ष भागांत सुमारे ४२५ भाग कार्बन डायऑक्साइड असतो. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीसाठी १,००० ची रेघ आखली होती. त्यापुढे गेलं की हवा शिळी. दहा बाय बाराच्या बंद खोलीत दोन माणसं झोपली तर ही रेघ एक-दोन तासांत ओलांडली जाते. चौघं झोपली तर विचारूच नका. स्प्लिट एसी बाहेरून ताजी हवा आणत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. सकाळचं जड डोकं पुष्कळदा याचंच असतं. पूर्वी खिडकीवर झुलतं व्हेंटिलेटर असायचं, नव्या इमारतींत त्याजागी बंद काच आली. झोपताना बेडरूमचं दार उघडं किंवा खिडकी दोन बोटं किलकिली ठेवा, विजेचं बिल थोडं वाढेल. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. एखाद्याला सर्दी, फ्लू किंवा क्षय असेल तर आरपार वारा हे औषधाच्या जोडीचं काम आहे.

केर काढायच्या बाबतीत एकच. कोरडा झाडू मारला की बारीक धूळ उठते आणि तासभर तरंगते. आधी ओल्या फडक्याने फर्निचर पुसा, मग हलका केर, मग लादी. पंखा पुसायचा झाला तर जुना अभ्रा पात्यावर चढवून ओढा, धूळ अभ्र्यातच राहते.

यंत्र घ्यावं का?

हवा शुद्ध करणारी झाडं म्हणून स्नेक प्लांट, मनी प्लांट विकले जातात. नासाने १९८९ मध्ये केलेला प्रयोग छोट्या बंद पेटीतला होता. पुढे २०१९ मध्ये जुन्या प्रयोगांची फेरतपासणी झाली, तेव्हा खिडकीतून होते तेवढी हवापालट झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला किमान १० आणि कदाचित १,००० झाडं लागतील, असं निघालं. झाडं लावा, मन रमतं. हवेसाठी लावू नका.

एअर प्युरिफायर कामाचा आहे, पण शेवटी. घरात कुणाला दमा असेल, किंवा घर हमरस्त्याला किंवा एमआयडीसीला लागून असेल तर एक घ्या आणि झोपायच्या खोलीत ठेवा. खोक्यावर सीएडीआर नावाचा आकडा असतो, तो तासाला किती घनमीटर हवा साफ होते ते सांगतो. खोलीची लांबी, रुंदी, उंची मीटरमध्ये गुणा आणि उत्तराची पाचपट करा. दहा बाय बाराची नेहमीची खोली साधारण ३२ घनमीटर भरते, म्हणजे १६० चा आकडा हवा. हेपा फिल्टर हवा, ओझोन सोडणारं यंत्र नको. फिल्टर बदलायचा खर्च आधीच विचारून घ्या. आणि हे यंत्र कण पकडतं, कार्बन डायऑक्साइड नाही, कार्बन मोनॉक्साइड तर मुळीच नाही.

काकूंकडे गेल्या महिन्यात जाऊन आले. पलंगावर निळी मच्छरदाणी उभी होती. नातवाला ती तंबू वाटते, त्यामुळे झोपवायचं भांडण मिटलं. कॉइलचं अर्धं खोकं मोलकरणीला देणार होत्या, मी ते कचऱ्यात टाकायला लावलं. खिडक्या त्या दुपारी उघडतात, रात्री लावतात. वास अजून येतोच. त्यासाठी फ्रिजवर एक वही ठेवली आहे, तिच्यात तारीख, वेळ, वास कसा होता (सडक्या अंड्यासारखा, थिनरसारखा, की डोळे चुरचुरवणारा) आणि वारा कुठून होता, असे चार रकाने. शेजारच्या तीन बिल्डिंगांतल्या बायकांनीही तशाच वह्या घातल्या आहेत. महिनाअखेरीस चारही वह्यांच्या नोंदी एकत्र करून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याणच्या प्रादेशिक कार्यालयात देतात आणि पोच घेतात. पहिली पोच त्यांनी देवघराच्या शेजारी चिकटवली आहे.